ओढ्याकाठचा वाटा

मोहोरवाडी, १२ जुलै २०२५

ती. विजयश्रीवन्सं यांना हर्षालीचा नमस्कार.

माझं अक्षर तुमच्या ओळखीचं नाही. मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. आमच्या लग्नात मांडवात तुम्ही माझी ओटी भरली होतीत आणि कानाशी येऊन म्हणाला होतात, काही लागलं तर मला सांग. त्यानंतर वर्षभरात तुमचं येणं थांबलं, फोनही लागेनासा झाला. म्हणून पत्र लिहितेय. मारुंजीचा पत्ता तुमच्या आईंनी दिला. मी त्यांना आत्या म्हणते.

लिहायला नानांनी सांगितलंय. ते समोर बाजेवरच बसलेत. त्यांचे शब्द आहेत तसे लिहिते. "तिला म्हनावं, झालं गेलं सोडून दे. औंदा पंचमीला ये. बापाचं दार उघडं हाय."

घरी सगळे बरे आहेत. घरावर स्लॅब पडला. रस्त्याकडच्या शेतात गाळे बांधून कंपन्यांना भाड्यानं दिलेत. आता शेत म्हणावं असं ओढ्याकाठचं तेवढं राहिलंय. त्यालाही चांगलं गिऱ्हाईक आलंय, फक्त हक्कसोडपत्रावर तुमची सही व्हायची आहे. नाना म्हणाले, तो विषय पत्रात नको, आल्यावर बघू. म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तुम्ही मिनलला अजून पाहिलेलं नाही. पाच वर्षांची झाली. आत्या म्हणतात, नाक थेट विजूचं आहे.

नाना आत्ताच उठून गेले, म्हणून एवढं माझ्या मनानं लिहिते. ओढ्याला या वर्षी पाणी छान आहे. तळ दिसतो. तुम्ही याल तेव्हा दाखवीन.

आपली,
हर्षाली


मोहोरवाडी, ३ ऑगस्ट २०२५

वन्सं,

पंचमीला आत्या दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. पुरणाची दिंडं केली होती. तुमच्या नावाची ताटात तशीच राहिली. संध्याकाळी नाना म्हणाले, "ती न्हाई येत. आता आपल्यालाच जावं लागंल." मग ते आणि हे दोघंच ओट्यावर जाऊन बसले. मला चहा घेऊन बोलावलं, पण मी गेल्यावर दोघं गप्प झाले.

तुमचं उत्तर मिळालं. पोस्टमन आला तेव्हा मी एकटीच होते ते बरं झालं. तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की पत्र तू लिहिलंस का तुझ्याकडून लिहून घेतलं. वन्सं, लिहून घेतलं होतं. हे मात्र मी माझ्या मनानं लिहितेय आणि घरात कुणाला ठाऊक नाही. फोनवर बोलले असते, पण माझा फोन ह्यांच्या हातात असतो. यापुढे उत्तर कौसल्याकाकूंच्या पत्त्यावर पाठवा. त्यांना तुम्ही कौसाकाकू म्हणायचात ना? ओढ्यापलीकडचं घर. त्यांना वाचता येत नाही म्हणून त्या कुणाचं पत्र फोडणार नाहीत, आणि वाचता आलं असतं तरी फोडलं नसतं.

ओढ्याचं मागच्या पत्रात अर्धवट राहिलं, ते सांगते.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो ओढा नव्हताच. काळं पाणी, वर फेस, कडेनं गोण्या. वास इतका की आम्ही मागची खिडकी खिळे मारून बंद केली होती. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मैत्री नावाची एक मुलगी एकटीच त्यात उतरून प्लॅस्टिक काढत होती. ती तळवड्याच्या आयटी कंपनीत कामाला आहे, आपल्या शिवेवर इमारती झाल्यात तिथं राहते. काकू काठावरून बघत होत्या. म्हणाल्या, "एकलीनं न्हाई व्हायाचं ते, बाय. थांब, घमेलं आनते." तिथून सुरू झालं. मग शेजारच्या बायका आल्या, मग मी. हे तेव्हा हसायचे. म्हणायचे, जा, तेवढाच व्यायाम होईल.

आम्ही काय काय काढलं म्हणून सांगू. गाद्या, रंगाचे डबे, वायरींची सोललेली सालं, एक आख्खा फ्रिज. वरच्या अंगाला एका गाळ्यातून घाण पाणी सुटायचं, ते मैत्रीनं अर्ज करून करून बंद करवलं. काठाला करंज लावले, उंबर लावले. माती वाहून जाऊ नये म्हणून पाण्याच्या कडेनं वाळ्याची बेटं. उन्हाळ्यात डोहात मळ्या माशाची पिल्लं दिसली. काकूंनी मला हाताला धरून नेलं आणि बोट दाखवलं. मिनल तर खेकड्याच्या बिळापाशी तासन्‌तास बसते. खिडकीचे खिळे मी स्वतः काढले.

आता ते गिऱ्हाईक. विक्की नाव आहे, सगळे विक्कीशेठ म्हणतात. त्याला गोदामासाठी जागा हवी आहे. मोठ्या गाड्या वळायला आपलं शेत पुरत नाही, म्हणून ओढा पाइपात घालायचा आणि वरून भराव टाकून सगळं सपाट करायचं, असं त्याचं म्हणणं आहे. तो येतो तेव्हा हे त्याच्याशी फार अदबीनं बोलतात. ह्यांना असं कुणाशी बोलताना मी पाहिलं नव्हतं.

वन्सं, तुम्ही सही का करत नाही? घरात म्हणतात, जास्त वाटा हवा म्हणून. मला ते पटत नाही. रागावू नका.

हर्षाली


मोहोरवाडी, २४ ऑगस्ट २०२५

वन्सं,

तुमचं पत्र काकूंनी पदराखालून आणून दिलं. तुम्ही नानांना एवढंच म्हणाला होतात, की गणा कसणार असेल तर आत्ता सही देते, विकणार असेल तर देणार नाही. आणि त्यावर नाना म्हणाले, मला लेक नव्हतीच. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी पत्र वाचून आत्यांकडे बघितलं. त्या गहू निवडत होत्या. त्यांचे हात मध्येच थांबले, त्यावरून त्यांना सगळं माहीत होतं असं वाटलं.

इकडचं सांगते. गेल्या सोमवारी सकाळी ओढ्यावर गेले तर करंजांची पानं करपली होती. एकूण एक झाडाची, अगदी ओळीनं. वाळाही पिवळा पडला होता. काकूंनी पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाल्या, "तननाशक हाय. पंपानं मारलंय." कुणी मारलं ते त्या बोलल्या नाहीत. आमच्या गोठ्यातला फवारणीचा पंप ओला होता. मी तो पुसून परत खुंटीला लावला. का पुसला ते मला सांगता येणार नाही.

मैत्री आता येत नाही. तिला विक्कीशेठ रस्त्यात भेटला होता. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. गाडी थांबवून म्हणाला, "मॅडम, ऑफिसमधून उशिरा सुटता तुम्ही. स्कूटीवर एकट्याच असता. या रस्त्याला डंपर लई, जपून येत जा." तिनं त्याला आपलं ऑफिस कुठलं ते कधीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी एका शेजारणीच्या फोनवर तिचा मेसेज आला की आई येऊ देत नाही.

मग एकेक करून बायका गळल्या. कुणाच्या नवऱ्याचं काम विक्कीशेठच्या ओळखीनं लागलंय, कुणाचा गाळा त्याच्या माणसानं घेतलाय. काल आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, काकू, आता काय? त्या म्हणाल्या, "काय म्हंजे? दोगी तर दोगी. मेलेली झाडं उपटायला काय मानसं लागत्यात?"

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. परवा विक्कीशेठ मिठाईचा बॉक्स घेऊन घरी आला. नाना आत कपडे बदलत होते. मी पाणी दिलं तर म्हणाला, "वहिनी, मोठ्या ताई मारुंजीला नेमक्या कुठं राहतात? गणपतीत भेटून येईन म्हणतो." मी म्हटलं, मला ठाऊक नाही. त्यानं माझ्याकडं बघून पाणी पिऊन टाकलं. पेला खाली ठेवून म्हणाला, "असू द्या. सापडतील."

मी ह्यांना सांगितलं. म्हटलं, तुमच्या सख्ख्या बहिणीबद्दल तो असं बोलतो. हे टीव्ही बघत होते. म्हणाले, "तुला लई पुळका आलाय तिचा."

दार उघडण्याआधी कोण आहे ते बघत जा.

हर्षाली


मोहोरवाडी, ९ सप्टेंबर २०२५

वन्सं,

वाईट बातमी आहे. कौसल्याकाकू पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात आहेत. खुब्याचं हाड मोडलंय, बरगड्यांना मार लागलाय. अजून धड शुद्धीवर नाहीत.

गणपती विसर्जनानंतर डंपर यायला लागले. सही नसताना कसे, ते विचारू नका. आपल्या शेताच्या कडेनं येऊन राडारोडा सरळ ओढ्यात ओततात. आज सकाळी काकू काठावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तिथून पाय घसरून खाली पडल्या आणि वरून माती आली. असं सगळे म्हणतात. ओढ्याला पाणी होतं, पण डोह भरावानं आधीच बुजला होता म्हणून बुडाल्या नाहीत. पोलीस येऊन गेले. त्यांनाही सगळ्यांनी पाय घसरल्याचंच सांगितलं. हे तिथंच होते. ह्यांनीच माती उकरून त्यांना वर काढलं, गाडीत घातलं. त्यांच्या शर्टाला सगळा चिखल लागला होता.

मी स्वयंपाकघरात होते. मला आवाज आला तेवढाच.

काकूंचं घर बंद आहे. माझा दुसरा पत्ता सांगते तोवर पत्र पाठवू नका.

हर्षाली


पिंपरी, २१ सप्टेंबर २०२५

वन्सं,

काकूंच्या खाटेशेजारी बसून लिहितेय. गावातल्या दोन बायका त्यांना भेटायला निघाल्या होत्या, त्यांच्यासोबत मला यायला मिळालं. त्या खाली चहाला गेल्यात. जाताना हे पत्र पेटीत टाकेन. मन लावून वाचा.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी स्वयंपाकघरात नव्हते. गच्चीवर कपडे वाळत घालत होते, आणि आमच्या गच्चीवरून ओढ्याचा तो काठ समोर दिसतो. डंपर उलटा येत होता. पाठीमागं काकू उभ्या होत्या, दोन्ही हात पसरून. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नव्हतं. त्याला एक माणूस बाजूला उभा राहून हातानं खुणा करत होता. तो माणूस काकूंना बघत होता, वन्सं. चांगलं समोरून बघत होता. आणि ड्रायव्हरला म्हणत होता, येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे.

तो गणराज होता. नवऱ्याचं नाव मी कधी लिहीत नाही. आज लिहिलं.

मग मागचं फाळकं उघडलं आणि सगळा ढीग काकूंच्या अंगावर गेला. त्या कुठं गेल्या ते दिसेना. गणराज थोडा वेळ तसाच उभा राहिला. इकडंतिकडं बघितलं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलवाला ओरडत आला, तेव्हा हा खाली धावला आणि हातांनी माती उकरू लागला.

तो सायकलवाला आला नसता तर काय, याचा मी रोज विचार करते.

आज काकू बोलल्या. आवाज अगदी बारीक झालाय. म्हणाल्या, "गच्चीवर लाल लुगडं वाळत व्हतं. तितं तू उभी व्हतीस." मी मान खाली घातली. मला वाटलं आता म्हणतील, मग सांगितलं का नाहीस. त्या म्हणाल्या, "तुला लहान पोर हाय. मी न्हाई ईचारनार." आणि भिंतीकडं तोंड केलं. वन्सं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला इतकं लागलं नसतं.

आता तुमच्यापुरतं. मी लिहू नका म्हटलं होतं, पण तुमचं उत्तर आधीच निघालं असणार. काकूंच्या घराला कुलूप बघून पोस्टमननं ते शेजारी दिलं आणि शेजाऱ्यांनी नानांच्या हातात. जेवायला बसले तर माझ्या ताटाशेजारी पाकीट होतं, फोडलेलं. नाना शांतपणे भाकरी मोडत होते. म्हणाले, "विजूचं अक्षर बिघडलंय. शाळंत कसं मोत्यावानी व्हतं." आत्यांनी मला वाढलं.

दुसऱ्या दिवशी मिनलला शिक्रापूरला पाठवलं, नानांचे चुलत भाऊ सोपानराव राहतात तिथं. मला म्हणाले, तिकडं पोरं आहेत खेळायला, चार दिवस राहील. चार दिवस कधीच झाले. मी विचारलं की गणराज म्हणतो, "तू घरात नीट रहायला लाग, मग आणू." नीट म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. मी गच्चीवर होते हे त्याला कळलंय.

म्हणून सांगते. तुम्हाला निरोप येईल की आई आजारी आहे, शेवटचं बघून जा. काल दाराआड ऐकलं. नाना म्हणत होते, "आईचं नाव काढलं की येईल ती. एकदा उंबऱ्याच्या आत आली म्हंजे झालं." विक्कीशेठ म्हणाला, "आणायला गाडी मी पाठवतो." आत्या ठणठणीत आहेत. कुणीही आलं, कितीही रडलं तरी त्या गाडीत बसू नका. सही करू नका. इकडं येऊ नका.

पहिल्या पत्रात मीच तुम्हाला या म्हणून लिहिलं होतं. ते फाडून टाका.

बायका आल्या. थांबते.

हर्षाली


ओतूर, १२ ऑक्टोबर २०२५

वन्सं,

मी माहेरी आहे. तुम्हाला हे माहीत आहे, तरी माझ्या हातून कळावं म्हणून लिहिते.

दवाखान्यातून परतले त्याच आठवड्यात गणराजनं मला इथं आणून सोडलं. बाबांना म्हणाला, "हिचं डोकं ठिकाणावर येऊ द्या, मग पाठवा." मिनलबद्दल बाबांनी विचारलं तर गाडी सुरू करून निघून गेला. नंतर फोन केला की उचलायचा नाही. एकदाच उचलला आणि म्हणाला, "गच्चीवरनं तुला काय दिसलं?" मी म्हटलं, काही नाही. "मग रडती कशापायी? येईल पोरगी." आणि ठेवला. शिक्रापूरला बाबा स्वतः जाऊन आले. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, देवाला गेलेत सगळे. कुठल्या देवाला, ते कुणाला माहीत नव्हतं.

दसऱ्याला आम्ही दारात साधं तोरणसुद्धा लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सोपानरावांची गाडी आली. मिनल उतरली, पाठीला दप्तर, हातात बिस्किटाचा पुडा. सोपानराव खालीही उतरले नाहीत. मी पोरीला पोटाशी धरून बसले होते तेवढ्यात बाबांच्या फोनवर अनोळखी नंबर आला. एक बाई विचारत होती, "पोरगी पोचली का?" बाबा म्हणाले, पोचली, आपण कोण? फोन बंद झाला. बाबांनी मला विचारलं, कोण असेल? मी म्हटलं, शाळेतल्या बाई असतील. मला खरंच तसं वाटलं.

काल आत्यांचा फोन आला. शेजारणीच्या फोनवरून, भीत भीत. त्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं की त्या बाई तुम्ही होतात.

आत्या म्हणाल्या, तुम्ही दसऱ्याला आलात. त्यांच्या गाडीतून नाही, स्वतः रिक्षा करून, आणि येते म्हणून आधी न कळवता. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीत. अंगणात उभ्या राहिलात, आणलेलं पाणीही प्यायला नाहीत. नाना म्हणाले, बस की. तुम्ही म्हणालात, "बसायला आले न्हाई. माझं पत्र तुमी फोडलंत, आता तोंडी ऐका. सही पायजे ना? देते. आधी हर्षालीची पोरगी तिच्या पदरात घाला. पोचल्याचं मी माझ्या कानानं ऐकनार, मग पेन हातात धरनार." गणराज म्हणाला, "तुझा काय संबंध?" तुम्ही त्याच्याकडं बघितलंही नाही. नानांशीच बोललात. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रारच्या ऑफिसात फोन ठेवलात आणि सही केलीत. आणि तिथंच, सोबत आलेल्या आत्यांच्या पाया पडून एसटीला निघून गेलात.

आत्या रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "माजी लेक आली आन् मी तिला आत ये म्हनले न्हाई. ती आत न्हाई आली त्येच बरं, म्हनून न्हाई म्हनले."

वन्सं, मी तुम्हाला येऊ नका म्हणून लिहिलं, आणि त्यातच मिनलचं लिहिलं. तुम्ही सहा वर्षं जे सोडलं नाहीत ते न पाहिलेल्या पोरीसाठी सोडून दिलंत. यावर काय लिहायचं ते मला सुचत नाही. आभार म्हटलं तर लाज वाटते.

पाइप आलेत. आत्या म्हणाल्या, शेतात रचून ठेवलेत, माणूस उभा मावेल एवढे. दिवाळीनंतर काम सुरू होणार.

काकूंना घरी सोडलंय. त्या भावाकडे आहेत, काठी घेऊन दोन पावलं टाकतात. त्यांच्याशी फोनवर बोलले. सही झाल्याचं त्यांना कळलं होतं. मला वाटलं खचल्या असतील. म्हणाल्या, "तिनं तिचा वाटा दिला. जमीन दिली. वढा कुनाच्या सातबाऱ्यावर हाय का? न्हाई. मंग तो कसा काय इकला?" मग म्हणाल्या, "पर त्ये बोलायला कुनीतरी पायजे. मी बोलले तर म्हनत्यात, म्हातारी घसारली."

मैत्रीलाही फोन केला. तिनं सांगितलं, ओढा बुजवल्याची तक्रार तिनं केव्हाच केलीय, झाडांचे आणि डोहाचे सगळे फोटो जोडून. अडलंय ते एकाच ठिकाणी. त्या दिवशी काय झालं ते पाहिलेला माणूस कुणी पुढं येत नाही. तिनं मला ये म्हटलं नाही. फक्त एवढं सांगितलं.

मी रात्रभर विचार केला असं लिहिणार नाही, कारण केला नाही. फोन ठेवला तेव्हाच ठरलं होतं. त्यांना वाटतंय तुमची सही घेऊन सगळं मिटलं. त्यांच्याकडं माझं एकच माणूस होतं आणि ते तुम्ही सोडवून आणलंत. आता मला गप्प बसवायला त्यांच्या हातात काय उरलं?

पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून येत्या शुक्रवारी जायचं ठरवलंय. पोलीस ठाण्यात जबाब देणार आहे. गच्चीवरून जे दिसलं ते सगळं, नावासकट. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्याबरोबर संसार करायचा नाही असं ठरवून जा. नंतर परत फिरता येणार नाही." मी म्हटलं, माहीत आहे. ते सोबत येणार आहेत. मिनल आईजवळ राहील.

तुम्हाला यायला जमेल का? जबाब मीच देणार आहे, तुम्ही काही बोलू नका. नुसत्या शेजारी बसा.

आणि आता हे लिहावं की नाही कळत नव्हतं, पण तुमच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय. सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी आहे. गल्लीतल्या कुणाची नाही. आधी वाटलं कुणाकडं पाहुणे आले असतील. आईनं मिनलला दोनदा आत हाक मारली. ती अंगणात चिंचोक्यांनी खेळतेय, यायला तयार नाही. शेवटी मीच कागद घेऊन बाहेर आले आणि पायरीवर येऊन बसले. या ओळी इथंच लिहितेय. आत्ता गाडीची काच खाली झाली. आतला माणूस माझ्याकडं बघतोय. मी त्याच्याकडं बघतेय, आणि उठून आत जाणार नाही.

तुमची,
हर्षाली